पंचवीस पौंडांचं घड्याळ

लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनात युरोस्टारच्या गाड्या जिथे उभ्या राहतात, तिथे दक्षिणेकडच्या भिंतीवर उंचावर एक मोठं घड्याळ आहे. पॅरिसला निघालेला प्रवासी त्याच्याकडे बघतो, मोबाइल काढतो, फोटो घेतो. स्टेशन १८६८ सालचं, म्हणजे घड्याळही तेव्हाचंच असणार, असं तो धरून चालतो. प्रत्यक्षात ते घड्याळ २००७च्या नूतनीकरणातलं आहे. जुनं अस्सल घड्याळ ब्रिटिश रेल्वेने विकलं. उतरवताना ते फुटलं. उरलेले तुकडे रेल्वेच्याच एका कर्मचाऱ्याने पंचवीस पौंडांना विकत घेतले.

आपल्याकडे सध्या स्टेशनांच्या पुनर्विकासाची कामं धडाक्यात चालू आहेत. नव्या कमानी, सरकते जिने, रोषणाई. जुनी वास्तू राखणं म्हणजे काय राखणं, हा प्रश्न मात्र कुणी विचारताना दिसत नाही. तो विचारायचा असेल तर सेंट पँक्रसच्या घड्याळापासून सुरुवात करावी.

मिडलंड रेल्वे या कंपनीला लंडनमध्ये स्वतःचं स्टेशन हवं होतं. तिचा इंजिनियर विल्यम बार्लो याने २४० फूट रुंदीचं छप्पर उभं केलं, मध्ये एकही खांब नाही. तेव्हाच्या जगात एवढं रुंद एकसंध छप्पर दुसरीकडे कुठे नव्हतं. वाटेत रीजंट्स कालवा होता. रूळ त्याच्या वरून आणायचे, म्हणून फलाट रस्त्यापासून बरेच उंच घ्यावे लागले. त्यांच्या खाली जी प्रचंड जागा तयार झाली, तिथे बर्टनहून येणारी बिअरची पिंपं उतरवायचं ठरलं. मग तळघरातल्या लोखंडी खांबांमधलं अंतर बार्लोने त्या पिंपांच्या मापाने आखलं. हा तपशील मला फार मोलाचा वाटतो. स्टेशनात रोज काय काम चालणार आहे, ते बांधणाऱ्याला ठाऊक होतं आणि इमारतीची मापं त्या कामातून निघाली.

पुढच्या बाजूचं लाल विटांचं, मनोऱ्यांचं मिडलंड ग्रँड हॉटेल जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचं. ते १८७३ला उघडलं आणि १९३५ला बंद पडलं. खोल्या राजेशाही, पण खोलीला लागून न्हाणीघर नाही. काळ बदलला तशी गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली आणि हॉटेलच्या दालनांत रेल्वेची कचेरी बसली. मग दुसरं महायुद्ध, बॉम्ब, काजळी आणि अनेक वर्षांची हेळसांड. १९६०च्या दशकात हे धूड पाडून टाकावं, असा विचार ब्रिटिश रेल्वेत बळावला. शेजारच्या यूस्टन स्टेशनाची दगडी कमान १९६१-६२ मध्ये पाडलीच होती. लोकांनी विनवण्या केल्या, तरी पाडली.

त्या कमानीचा चटका बसलेली माणसं सेंट पँक्रससाठी उभी राहिली. कवी जॉन बेट्जमन, कलेचा इतिहासकार निकोलस पेव्हसनर आणि त्यांची व्हिक्टोरियन सोसायटी. त्यांनी लेख लिहिले, सभा घेतल्या, सरकारच्या मागे लागले. १९६७ मध्ये इमारतीला पहिल्या श्रेणीचं संरक्षण मिळालं. आज स्टेशनात बेट्जमनचा पुतळा आहे, टोपी हाताने सावरत छपराकडे मान वर करून पाहणारा. तो मान त्याने पुरेपूर कमावलेला आहे.

पण संरक्षण मिळाल्यावर दहा-बारा वर्षांच्या आतच घड्याळ विकायला निघालं. इमारत कागदावर सुरक्षित होती. हातात पैसा नव्हता. एका अमेरिकी संग्राहकाने अडीच लाख पौंड देऊ केले आणि सौदा ठरला. माझा राग या ठिकाणी आहे. स्टेशनात घड्याळ हा दागिना नसतो. ते स्टेशनाचं अवजार असतं. रूळ विकला नाही, सिग्नल विकला नाही, मग घड्याळ का विकलं? कारण साहेबांच्या यादीत ते शोभेच्या सामानात मोडलं होतं. एकदा एखादी वस्तू शोभेची ठरली की ती विकायला फक्त गिऱ्हाईक लागतं.

पुढे जे व्हायचं ते झालं. उतरवताना घड्याळ निसटलं, खाली आपटलं आणि त्याचे तुकडे झाले. सौदा तिथेच मोडला. ज्याचे काल अडीच लाख येणार होते, ते आज भंगार झालं. रेल्वेच्या नोकरीतल्या एका गृहस्थांनी ते तुकडे पंचवीस पौंडांना मागितले आणि त्यांना ते मिळाले. ठरलेल्या किमतीचा दहा हजारावा हिस्सा! तुकडे नॉटिंगहॅमशरमधल्या थर्गार्टन या गावी गेले. नॉटिंगहॅम ते लिंकन या रेल्वेमार्गावरचं हे छोटं गाव. तिथे त्या गृहस्थांच्या शेतावर एक गोठ्यावजा कोठार होतं. त्या कोठाराच्या बाहेरच्या भिंतीवर त्यांनी तुकडा तुकडा जुळवून ती तबकडी पुन्हा उभी केली.

हे काम डोळ्यांपुढे आणून बघा. घरातल्या भिंतीवरचं घड्याळ नाही हे. स्टेशनच्या त्या टोकावरून वाचता यावं एवढं मोठं. त्यातला एकेक आकडा उचलून धरायचा, तुटलेली कड दुसऱ्या तुटलेल्या कडेशी लावून बघायची, बसत नसेल तर बाजूला ठेवून पुढचा घ्यायचा. शिडी लावायची, वर चढायचं, खाली उतरून लांब जाऊन बघायचं की बारा आणि सहा एका ओळंब्यात आले का. मदतीला कुठली संस्था नाही, अनुदान नाही, वास्तुतज्ज्ञांची समिती नाही. पगारदार माणूस, स्वतःचा पैसा, स्वतःचा वेळ. लोक अशा माणसाला वेडा म्हणतात. रेल्वेतल्या माणसाला मात्र ते वेड लगेच समजेल. ज्या घड्याळाकडे बघून ड्यूटी लागली आणि ड्यूटी सुटली, ते कचऱ्याच्या गाडीत चढताना बघवत नाही.

१९९०च्या दशकात ठरलं की इंग्लिश खाडीखालून येणारी गाडी सेंट पँक्रसला आणायची. छपराची काजळी उतरली, लोखंडाला पुन्हा फिकट आकाशी रंग चढला, तळघरातली पिंपांची जागा प्रवाशांसाठी आणि दुकानांसाठी खुली झाली. सुमारे ८० कोटी पौंड खर्च झाले. ६ नोव्हेंबर २००७ रोजी राणी एलिझाबेथच्या हस्ते उद्घाटन झालं आणि १४ नोव्हेंबरला युरोस्टार धावू लागली. या सगळ्या कामात एक गोष्ट अडली होती. भिंतीवर घड्याळ हवं होतं, जुन्यासारखंच हवं होतं, आणि जुनं कसं होतं ते सांगणारी अस्सल वस्तू जगात एकाच ठिकाणी शिल्लक होती. थर्गार्टनच्या कोठारावर.

डेंट कंपनीने नवं घड्याळ केलं, ते त्या तुकड्यांचा आधार घेऊन. ८० कोटी पौंडांच्या कामाला पंचवीस पौंडांच्या भंगारापाशी जावं लागलं. अर्थसंकल्प मांडणाऱ्या प्रत्येकाने हे दोन आकडे एका कागदावर लिहून टेबलावर ठेवावेत, असं मला मनापासून वाटतं.

डेंट हे नाव घड्याळवाल्यांच्या जगात लहान नाही. लंडनच्या संसदेवरचं, ज्याला लोक बिग बेन म्हणून ओळखतात, ते घड्याळ याच घराण्याचं. एडवर्ड जॉन डेंटने काम घेतलं, १८५३ मध्ये तो वारला आणि सावत्र मुलगा फ्रेडरिकने १८५४ मध्ये ते पुरं केलं. मनोरा तयार व्हायचा होता, म्हणून घड्याळ पाच वर्षं कारखान्यातच चालत राहिलं. १८५९ला ते वर चढलं. त्याच्या लंबकावर जुन्या पेनी नाण्यांची एक चळत असते. घड्याळ मागे पडायला लागलं की राखणदार एक पेनी वाढवतो. त्यामुळे लंबकाचा गुरुत्वमध्य केसभर वर सरकतो, झोका किंचित आखूड होतो आणि घड्याळ दिवसाला ०.४ सेकंद पुढे जातं. पुढे पळालं तर पेनी काढून घ्यायची. एवढ्या मोठ्या यंत्राची वेळ एका माणसाच्या दोन बोटांत असते. घड्याळ राखणं म्हणजे हे. बसवण्याचा समारंभ एकदाच होतो. पेनी ठेवायला आणि काढायला माणूस पुन्हा पुन्हा यावा लागतो.

खरं घड्याळ कुठलं, असा वाद काही जण घालतात. मला त्यात अडकायला आवडत नाही, पण माझं मत स्पष्ट आहे. स्टेशनावरचं नवं घड्याळ स्टेशनाचं खरं घड्याळ आहे, कारण ते बघून लोक गाडीकडे धावतात. जुने तुकडे ज्याने वाचवले त्याच्या भिंतीवर गेले, ते योग्यच झालं. त्यांची जागा तिथेच होती. नकलेची लाज वाटण्याचं कारण नाही. लाज वाटायला हवी ती अस्सल वस्तू हातात असताना तिची नक्कल करण्याची वेळ आणली याची.

आणखी एक खटकतं. या घड्याळाखाली पॉल डे या शिल्पकाराचं ‘द मीटिंग प्लेस’ हे शिल्प उभं केलं आहे. मिठी मारलेलं जोडपं, नऊ मीटर उंच, ब्राँझचं. लोकांनी घड्याळाखाली भेटावं, ही त्यामागची भावना चांगली आहे. पण घड्याळाखाली भेटायला पुतळ्याने शिकवावं लागत नाही. दादरला माणसं इतकी वर्षं इंडिकेटरखाली भेटताहेत, तिथे कुणी शिल्प उभारलेलं नाही. जिथे वेळ नीट दिसते, तिथे माणसं आपोआप थांबतात. त्या नऊ मीटरच्या जोडप्यामुळे उलट नजर घड्याळापर्यंत पोचायच्या आधीच अडते.

न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रलमध्ये निराळंच दुखणं आहे. १९१३च्या त्या स्टेशनात चौकशीच्या खिडकीवर चार तोंडांचं पितळी घड्याळ आहे, स्टेशनाइतकंच प्रसिद्ध. त्याच्या तबकड्या ओपल रत्नाच्या आहेत आणि त्यांची किंमत एक ते दोन कोटी डॉलर भरेल, ही कथा वर्षानुवर्षं सांगितली गेली, मोठमोठ्या वर्तमानपत्रांत छापून आली. प्रत्यक्षात तबकड्या दुधी काचेच्या आहेत. काच म्हणून ते घड्याळ तसूभरही कमी होत नाही. शंभराहून अधिक वर्षं त्याने माणसांना वेळेवर गाडीत बसवलं, हे त्याचं मोल पुरेसं नव्हतं का? रत्नं चिकटवायची गरज कुणाला पडली?

घड्याळ स्टेशनात आलं कशासाठी, हेच आपण विसरलो आहोत. रेल्वे येण्याआधी इंग्लंडात प्रत्येक गावाची वेळ सूर्याप्रमाणे वेगळी होती. ब्रिस्टल लंडनच्या दहा मिनिटं मागे. गाड्यांचं वेळापत्रक अशा वेळांवर बसेना, म्हणून ग्रेट वेस्टर्न रेल्वेने १८४० मध्ये आपल्या सगळ्या स्टेशनांवर लंडनची वेळ लावली. ब्रिस्टलच्या कॉर्न एक्स्चेंजच्या घड्याळाला मिनिटाचे दोन काटे आहेत, एक गावाचा, एक लंडनचा. ते घड्याळ आजही बघायला मिळतं. देशभर एकच वेळ कायद्याने लागू व्हायला १८८० उजाडलं. म्हणजे चाळीस वर्षं देशाच्या वेळेची खूण कायद्याच्या पुस्तकात नव्हती, ती स्टेशनच्या भिंतीवर होती.

मुंबईकराला हे समजावून सांगावं लागू नये. मुंबईची स्वतःची वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे होती. रेल्वे मद्रासच्या वेळेवर धावत होती, ५ तास २१ मिनिटं पुढे. शहराच्या घड्याळात पावणेनऊ झाले की स्टेशनात सव्वानऊ झालेले असत. घरून निघताना ज्याने हा अर्धा तास धरला नाही, त्याची गाडी गेली. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली, शहराच्या वेळेपेक्षा ३९ मिनिटं पुढे, आणि मुंबईने ती सहजासहजी मानली नाही. गिरणी कामगारांनी विरोध केला, महापालिका तर १९५५ पर्यंत बॉम्बे टाइमला धरून होती. वेळ कुणी ठरवायची, यासाठी इथल्या लोकांनी जवळजवळ पन्नास वर्षं नेट लावला. आजही आपण गाडीला नावाने ओळखत नाही. ‘आठ-चारची फास्ट’ म्हणतो आणि समोरच्याला सगळं कळतं. असं शहर स्टेशनच्या घड्याळाला सजावट कसं म्हणू शकेल?

सेंट पँक्रसशी मुंबईचं नातं तर थेट आहे. ज्या स्कॉटने तिथलं हॉटेल रचलं, त्यानेच मुंबई विद्यापीठाचं ग्रंथालय आणि राजाबाई टॉवर रचला. मुंबईत एकदाही न येता, लंडनमध्ये बसून. पैसा प्रेमचंद रायचंद यांनी दिला, नाव त्यांच्या आईचं लागलं, टॉवर १८७८ला पुरा झाला. त्याच वर्षी जवळच व्हिक्टोरिया टर्मिनसचं काम सुरू झालं, फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सच्या आराखड्यानुसार. ते पुरं व्हायला दहा वर्षं लागली. २००४ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

त्या दर्शनी भिंतीकडे कधीतरी रस्त्याच्या पलीकडून शांतपणे बघावं. वर मोठं घड्याळ आहे आणि त्याच्या खाली एक रिकामा कोनाडा. कोनाड्यात पूर्वी राणी व्हिक्टोरियाचा पुतळा होता. स्वातंत्र्यानंतर तो उतरवला, ते ठीकच झालं. स्टेशनाचं नावही बदललं, १९९६ मध्ये आणि पुन्हा २०१७ मध्ये; आता ते सीएसएमटी. घड्याळ मात्र कुणाला बदलावंसं वाटलं नाही. राणीची गरज संपली तरी डोंबिवलीला जाणाऱ्याला किती वाजले हे लागतंच.

आता मुद्द्याचं. सप्टेंबर २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने नवी दिल्ली, अहमदाबाद आणि मुंबईचं सीएसएमटी या तीन स्टेशनांच्या पुनर्विकासाला सुमारे १०,००० कोटी रुपये मंजूर केले. ऑगस्ट २०२३ मध्ये ‘अमृत भारत’ योजनेखाली देशातल्या ५०८ स्टेशनांच्या कामाची पायाभरणी एकाच दिवशी झाली. त्यातली ४४ महाराष्ट्रातली. स्वच्छ फलाट, नीट संडास, म्हाताऱ्या माणसाला चढता येईल असा जिना, हे सगळं हवंच आहे आणि लवकर हवं आहे. पण जिथे जुनं बांधकाम आहे, तिथे ठेकेदाराचा माणूस कामाला लागतो तेव्हा पहिल्याच आठवड्यात ‘काढून टाकायचं सामान’ असा एक ढीग तयार होतो. त्या ढिगात काय चाललं आहे, ते बघायला कोण उभं असतं?

साहेब उभे नसतात, सल्लागार कंपनीही नसते. तिथे असतो पॉइंट्समन, हमाल, पार्सल ऑफिसमधला जुना कारकून. स्टेशन मास्तरच्या खोलीतलं लंबकाचं घड्याळ कधीपासून बंद आहे, त्याची चावी कुठल्या कपाटात पडली आहे, पूर्वी ती चावी कोण देत असे, हे त्यांना विचारा. सांगतील. पण त्यांना विचारायचं असतं हे आपल्या कुठल्याच कार्यपद्धतीत बसत नाही. सेंट पँक्रसला त्या एका कर्मचाऱ्याने स्वतःहून हात पुढे केला म्हणून निभावलं. त्या दिवशी त्याची पाळी दुसरीकडे असती, तर तुकडे भट्टीत गेले असते आणि डेंटच्या कारागिरांना जुन्या फोटोंवर भागवावं लागलं असतं.

भंगाराच्या यादीवर सही करण्याआधी ती स्टेशनातल्या सूचनाफलकावर आठ दिवस लावा. त्याला पैसा लागत नाही. एक कागद आणि चार टाचण्या पुरतात. घड्याळ, घंटा, दिवा, तिकिटाची खिडकी, बाकडं, जे काढायचं ठरलं असेल ते नावानिशी लिहा. कर्मचाऱ्यांना वाचू द्या, रोजच्या प्रवाशांना वाचू द्या. कुणी येऊन म्हणाला की हे घड्याळ चालू होऊ शकतं, तर त्याचं ऐकून घ्या. घड्याळ दुरुस्त करणारे जुने कारागीर पुण्या-मुंबईत अजून आहेत. त्यांच्या दुकानांना गिऱ्हाईक नाही, एवढंच. त्यांना वर्षाचं कंत्राट द्या, नुसतं बसवण्याचं नको, चालवण्याचं द्या. घड्याळ मागे पडलं तर जाब कुणाला विचारायचा, ते नाव कंत्राटात लिहा.

आणि महाराष्ट्रातल्या त्या ४४ स्टेशनांत आज जी जुनी घड्याळं भिंतीवर, कपाटात किंवा अडगळीत असतील, त्यांची नोंद काम पुरं होण्याआधी रेल्वेने जाहीर करावी. घडवणाऱ्याचं नाव, साल, चालू की बंद, चावी कुणाकडे. नोंद करायला जाणाऱ्या अधिकाऱ्यासोबत त्या स्टेशनात उभी नोकरी काढलेला एक माणूस असावा आणि कागदावर त्याचीही सही असावी.